तिसरी खुर्ची

कुंभमेळा होऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी नाशिकमध्ये ‘लाइफ कोच’ हा शब्द फारसा कोणाला माहीत नव्हता. मी ज्या दैनिकात उपसंपादक होते त्याच्या रविवार पुरवणीत नव्या व्यवसायांवर एक सदर सुरू झाले होते. त्यासाठी गंगापूर रोडवरच्या एका बाईंची मुलाखत घ्यायला मला पाठवले. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. दारावर प्लास्टिकची पाटी, तिच्यावर मराठीत ‘लाइफ कोच’. मी बसले असतानाच एक आई मुलाला घेऊन वर आली आणि बारावीच्या गणिताची बॅच कधी सुरू होते असे विचारू लागली.

“गणित नाही हो,” बाई म्हणाल्या.

“मग फिजिक्स?”

“तेही नाही.”

“मग बोर्ड कशाला लावलाय?” असे म्हणून ती जिना उतरली.

बाई पन्नाशीच्या होत्या. अंबडच्या एका कारखान्यात प्रशिक्षण विभागात त्यांची नोकरी झाली होती. सुपरवायझर आणि कामगार यांचे फाटले की दोघांना एका टेबलाशी बसवायचे आणि बोलते करायचे, हे त्यांचे काम. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्यांनी घरी तसेच काहीसे सुरू केले, फक्त समोर आता एकच माणूस बसे. खोलीत वेताच्या दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि कागदी रुमालांचा डबा. भिंतीवरचे घड्याळ त्यांच्या खुर्चीतून दिसे, समोरच्या खुर्चीतून दिसत नसे. आपण सल्ला देत नाही, असे त्यांनी मला दोनदा सांगितले. माणसाने काय ठरवले आहे ते त्याचे त्याला ऐकू यावे, एवढेच आपण करतो.

मुलाखत छापून आली. तीनशे शब्द आणि एक फोटो. पुढच्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी अंक द्यायला गेले. अंक पोस्टाने पाठवता आला असता.

“बसा,” त्या म्हणाल्या. “आज पेन नाही काढलं?”

“नाही.”

“मग बोला.”

मी बोलले. आमच्या दैनिकाची औरंगाबाद आवृत्ती दिवाळीनंतर निघणार होती. तिथल्या डेस्कची जबाबदारी संपादकांनी मला देऊ केली होती आणि उत्तर दसऱ्यापर्यंत मागितले होते. काम मला हवे होते. पण प्रश्न कामाचा नव्हता.

नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होता. तिथे दर तासाला मीटरवरचे आकडे वाचायचे असतात. एखादा आकडा नेहमीपेक्षा सरकला तर त्याचे कारण शोधायचे असते. कामात तो चोख होता, सगळे तसे म्हणत. घरीही तो आकडे वाचत असे. सकाळी निघताना माझ्या स्कूटीचे किलोमीटर पाहायचा, संध्याकाळी पुन्हा पाहायचा. नाशिकरोडच्या आमच्या घरापासून शालिमारजवळच्या ऑफिसपर्यंतचे अंतर त्याला पाठ होते.

“आज दीड किलोमीटर जास्त आहे.”

“द्वारकेजवळ रस्ता खोदलाय. वळसा घालावा लागला.”

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर तो द्वारकेला जाऊन आला. रस्ता खरोखर खोदलेला होता. “बरोबर आहे,” तो घरी येऊन म्हणाला आणि चहा मागितला.

त्याने कधी हात उचलला नाही. हे वाक्य मी त्या काळात सगळ्यात आधी सांगत असे. राग आला की तो दाराजवळच्या पेटीपाशी जाऊन मेन स्विच खाली करायचा आणि खुर्चीत बसून राहायचा. दिवे जात, पंखे थांबत. कोणी बोलायचे नाही, मेणबत्ती लावायची नाही. कधी दहा मिनिटे, कधी जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत. शेजारच्या काकू दारावर टकटक करत.

“तुमचीच गेली का हो लाइट?”

“फ्यूज गेलाय काकू,” तो आतून प्रसन्न आवाजात सांगायचा. “बघतोय.”

मुलगी तेव्हा पाचवीत होती. उजेड असेपर्यंत गृहपाठ संपवायची सवय तिने आपली आपणच लावून घेतली होती.

दोन वर्षांपूर्वी पुण्याला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची संधी आली, तेव्हा मी त्याला विचारले होते. तो मुलीच्या वह्यांना कव्हरे घालत होता. “तू जा ना,” तो म्हणाला. “मुलगी इथे राहील. पण मग अधूनमधून येऊन तिला भेटायचं वगैरे नाही. तिला एकदाच काय ते रडू दे.” कव्हरची घडी त्याने नखाने पक्की केली. मी गेले नाही. औरंगाबादचे मी त्याला सांगितलेच नव्हते. जायचे तर मुलीला घेऊन, आणि त्याला कळण्याआधी. नाहीतर राहायचे.

एवढे सांगून झाल्यावर बाईंनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

“झालं? पतीची बाजू आली. संपादकांची आली. मुलीची परिस्थिती आली. तुम्ही कुठे आहात यात?”

“मी सांगतेच आहे की.”

“तुम्ही बातमी देताय. अमुक यांचं म्हणणं असं, तमुक यांनी त्याचा इन्कार केला. सूत्रांकडून एवढंच समजतं.”

मला हसू आले. त्यांनाही आले. ऑफिसबाहेर इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले असेन. मग त्यांनी विचारले, “भीती कशाची वाटते?” मी डबा उघडून एक कागदी रुमाल काढला आणि त्याची घडी घालत बसले.

त्यानंतर दर गुरुवारी जात राहिले. स्कूटी ऑफिसच्या आवारात उभी ठेवायची, सीबीएस बसस्थानकापर्यंत चालत जायचे आणि तिथून शेअर रिक्षा पकडायची. किलोमीटर वाढत नसत. ऑफिसात दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितले होते.

“बाई, तुम्हाला दात आहेत तरी किती?” क्रीडा पान पाहणारा सहकारी म्हणाला. “दर गुरुवारी एक. दिवाळीला चकली खायला काही शिल्लक ठेवा.”

संपादकही आपल्या परीने विचारत होते. “हो किंवा नाही, एवढंच सांगा. पुण्याचा एक पोरगा तयार आहे, बॅग भरूनच बसलाय.”

श्रावण सरत आला तेव्हा कोच बाईंनी मला एक काम दिले. एक दिवस राहायचे ठरले आहे असे समजून वागायचे. दुसरा एक दिवस जायचे ठरले आहे असे समजून. कोणाला काही सांगायचे नाही. संध्याकाळी अंगाला कसे वाटते तेवढे पाहायचे.

राहायचा दिवस सोपा गेला. पडद्यांचे कापड पाहिले, मुलीच्या सातवीच्या स्कॉलरशिपच्या क्लासची चौकशी केली. संध्याकाळी मला पाय जड वाटले नाहीत, डोके दुखले नाही, काहीच वाटले नाही. जायच्या दिवशी मी ऑफिसला निघण्याआधी मुलीच्या शाळेच्या कार्यालयात गेले आणि दाखला काढायचा असेल तर काय करावे लागते ते विचारले. नुसते विचारायचे होते.

“वडिलांचा अर्ज लागतो,” क्लार्क बाई म्हणाल्या.

“आईचा चालत नाही?”

“चालायला काय, पण आमच्या मोठ्या बाई वडिलांचाच मागतात. नंतर भांडणं नकोत. बदली झाली का साहेबांची? प्लांटमधून?”

“नाही, सहज विचारलं.”

“माझा भाऊ आहे ना तिथे, कोल हँडलिंगला. साहेबांना निरोप देऊ का अर्जाचा?”

“नको, मी सांगते त्यांना.”

निरोप गेला की नाही हे मला आजपर्यंत कळलेले नाही. त्यानंतरच्या प्रत्येक संध्याकाळी त्याच्या मोटारसायकलचा आवाज खाली आला की मी हातातले काम थांबवून ऐकत असे. जिन्यावरची पावले, किल्ली, कुलूप. तो यायचा, हात-पाय धुवायचा, मुलीला पाढे विचारायचा. चेहऱ्यावर काहीच नसायचे. मेन स्विच त्या आठवड्यात एकदाही खाली गेला नाही. मला ते चांगले लक्षण वाटले नाही.

कोच बाईंची कारखान्यातली एक शिस्त होती. बैठकीच्या आदल्या दिवशी फोन करून वेळ पक्की करायची. मी ऑफिसचा नंबर दिला होता. पहिल्या दिवशी घरचाही दिला होता, का ते आठवत नाही. त्या बुधवारी ऑफिसची लाइन बंद होती. त्यांनी घरी फोन केला. नवऱ्याची साप्ताहिक सुट्टी होती.

हे मला गुरुवारी समजले. जिना चढून वर गेले तर दाराबाहेर चपला होत्या. तपकिरी, डाव्या अंगठ्याशी टाका घातलेल्या. तो टाका स्टेशनजवळ मीच घालून आणला होता. मी दोन पायऱ्या खाली उतरले आणि थांबले. परत गेले असते तरी स्कूटी ऑफिसातच होती आणि संध्याकाळी घरीच जायचे होते. मी बेल वाजवली.

आत तीन खुर्च्या होत्या. तिसरी स्वयंपाकघरातली, लोखंडी, घडीची. तो वेताच्या खुर्चीत, माझ्या जागेवर बसला होता.

“या, या,” बाई उत्साहाने म्हणाल्या. “फोन यांनीच उचलला. मी म्हटलं, तुम्ही पण या की. इतक्या पटकन कोणी तयार होत नाही हो.”

“मला स्वतःलाच मॅडमना भेटायचं होतं,” तो म्हणाला. “अगं, बस ना. उभी का?”

मी लोखंडी खुर्चीवर बसले.

बाईंवर राग धरण्यात अर्थ नाही. त्यांनी आयुष्यभर दोन बाजू एका टेबलाशी आणल्या होत्या. टेबलाशी यायला तयार नसलेली बाजू वाईट आणि तयार असलेली चांगली, हे त्यांच्या अनुभवाने त्यांना शिकवले होते. तो तर आपण होऊन आल्यासारखा आला होता.

तशा तीन बैठका झाल्या. तो चांगला बोलला. मी अनेक लोकांच्या मुलाखती घेतल्या आहेत. इतके नेटके बोलणारी माणसे थोडी.

“मॅडम, मला आकडे वाचायची खोड आहे,” तो म्हणाला. “प्लांटची सवय. हिला त्रास होतो, मला कळतं. पण रात्रंदिवस तेच करायचं आणि घरी येऊन सोडून द्यायचं, जमत नाही माणसाला.”

“हे कबूल करणं सोपं नाही,” बाई म्हणाल्या.

“आणि स्विचचंही हिने सांगितलं असेल. मी काय म्हणतो, तोंडातून वाईट शब्द जाण्यापेक्षा घटकाभर अंधारात बसलेलं बरं. नाही का?”

बाईंनी मान हलवली. मला दिसले की त्यांना ते पटले होते. माझे तेच शब्द, त्याच घटना, पण त्याच्या तोंडून आल्यावर त्या एका समजूतदार माणसाच्या उणिवा झाल्या होत्या. पुढच्या वेळी त्याने त्यांच्यासाठी मखमलाबादच्या भावाच्या मळ्यातली शेवंती आणि मेथीची जुडी आणली. “घरची आहे,” तो म्हणाला. “फवारणी नाही.”

औरंगाबादचा विषय बाईंनी काढला नाही. मी त्यांना सांगितलेले त्या कोणाला सांगणार नाहीत हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते, आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. पण तिसऱ्या बैठकीच्या शेवटी त्या माझ्याकडे वळल्या.

“तुम्हाला यांना काही सांगायचंय का? आज, इथे?”

विचारून झाल्यावर त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिल्या. मी नाही म्हणाले. त्याचे लक्ष माझ्याकडे नव्हतेच. तो त्यांचा चेहरा वाचत होता.

त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली होती. घरी जाताना स्कूटी तो चालवत होता, मी मागे. द्वारकेच्या सिग्नलला थांबल्यावर मान न वळवता तो म्हणाला, “मॅडमना माहीत आहे आणि मला माहीत नाही, असं काय आहे?”

“काही नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

सिग्नल सुटला. “असू दे,” तो म्हणाला. “कळेल.”

संध्याकाळी सगळे दिवे चालू होते. त्याने मुलीला महाराष्ट्राचा नकाशा काढून दिला, नद्या निळ्या पेन्सिलीने रंगवल्या. मी पोळ्या करत होते आणि माझे हात इतके थंड होते की पीठ चिकटत नव्हते.

नंतर त्याला पहिली पाळी लागली. “तू एकटी जात जा मॅडमकडे,” तो म्हणाला. “तुझं तुला बोलायचं असेल. स्कूटी ने. ते अंतर मी हिशेबात धरलंय.”

आता लपूनछपून जायचे कारण राहिले नव्हते. मी स्कूटीने जाऊ लागले आणि बाईंसमोर बसून काही बोलू शकले नाही. त्या प्रश्न विचारत आणि मी उत्तर देण्याआधी ते उत्तर त्याला ऐकू गेले तर काय, याचा विचार करी. माझ्या मनात चाललेली ही तपासणी त्यांना दिसत होती. “तुम्ही पुन्हा बातमी द्यायला लागलात,” एकदा त्या म्हणाल्या. या वेळी कोणी हसले नाही.

दसऱ्याच्या आधीचा गुरुवार. सकाळी संपादकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितले होते की संध्याकाळपर्यंत उत्तर आले नाही तर ते पुण्याला फोन लावतील. बाईंकडे बसून दहा-पंधरा मिनिटे झाली असतील. बाहेरच्या खोलीत फोन वाजला. एरवी त्या बैठक चालू असताना फोन उचलत नसत. त्या दिवशी गेल्या. दोन-चार वाक्ये ऐकू आली, शब्द नाही. परत आल्या आणि खुर्चीत न बसता पाठीला धरून उभ्या राहिल्या.

“तुमच्या मिस्टरांचा होता. प्लांटमधून.”

“काय म्हणाले?”

“दर गुरुवारी येतो त्यांचा फोन. तुम्ही खाली उतरलात की पाठोपाठ. ‘निघाली का ही, मॅडम?’ मी सांगते, हो, आत्ताच. मला वाटायचं, किती काळजी करतो माणूस.” त्या बसल्या. “आज लवकर केला. मी आपलं सहज विचारलं, दर वेळी कशाला हो विचारता? तर म्हणाले, तुमच्याकडून निघाली की इतक्या मिनिटांत ऑफिसला पोचायला पाहिजे. मागच्या गुरुवारी नऊ मिनिटं जास्त लागली. तिकडे ऑफिसात शिपायाला विचारतात म्हणे, पोचली का. ‘तुम्ही वेळ बिनचूक सांगता मॅडम, म्हणून मला ताळा घालता येतो.’ असं म्हणाले. आभार मानले माझे.”

मागच्या गुरुवारी मी अशोकस्तंभाजवळ पेट्रोल भरायला थांबले होते.

बाईंनी तांब्यातले पाणी भांड्यात ओतले आणि ते स्टुलावर थोडे सांडले. “मी त्यांना रीडिंग देत होते,” त्या म्हणाल्या. “तुमचं.”

“आत्ता काय सांगितलंत?”

“म्हटलं, आज दोन तासांचं सेशन आहे. त्यांनी विचारलं, दोन तास का? मी म्हटलं, रडतायत त्या.”

मी रडत नव्हते. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या घाबरल्या होत्या. माझ्याशिवाय दुसरे कोणी त्याला घाबरलेले मी तोपर्यंत पाहिले नव्हते. सगळ्यांना तो आवडायचा. इतकी वर्षे मला वाटत आले होते की भीती हा माझाच काहीतरी दोष असावा, माझ्या स्वभावातला, मोजता न येणारा. आता ती समोरच्या खुर्चीतही बसली होती. मी उठले.

“ऑफिसला?” त्यांनी विचारले.

“नाही.”

त्यांनी पुढे विचारले नाही. माझ्या हातातून स्कूटीची किल्ली घेतली आणि म्हणाल्या, “राहू दे खाली. मी बघते.”

रिक्षाने नाशिकरोडला पोचेपर्यंत मी रिक्षाच्या आरशात मागचा रस्ता पाहत होते. तो पहिल्या पाळीत होता, तीनपर्यंत त्याला कंट्रोल रूम सोडता येणार नव्हती, हे मला माहीत होते. तरी प्रत्येक काळी मोटारसायकल त्याची वाटत होती. शाळेत शिपायाला सांगितले, घरी पाहुणे आलेत, मुलीला न्यायचे आहे. क्लार्क बाईंनी खिडकीतून पाहिले.

“साहेबांचा अर्ज नाही आला अजून.”

“येईल,” मी म्हणाले.

मुलगी दप्तर घेऊन बाहेर आली. “कोण पाहुणे?”

“चल.”

“मधल्या सुट्टीचा डबा खायचा राहिलाय.”

“रस्त्यात खा.”

नाशिकरोडच्या बसस्थानकावर आणि रेल्वे स्टेशनवर प्लांटची माणसे कायम असत. म्हणून सिन्नरची जीप पकडली. जीप भरल्याशिवाय निघत नाही हे मी विसरले होते. आम्ही मागच्या बाकावर बसलो आणि ड्रायव्हर बाहेर उभा राहून ओरडत राहिला. समोर भाजीच्या रिकाम्या पाट्या घेऊन एक म्हातारी बसली होती. तिने मुलीच्या गणवेशाकडे पाहिले.

“कुढं चालली गं बाय, साळा सोडून?”

मुलीने माझ्याकडे पाहिले.

“मामाकडे,” मी म्हणाले.

“कोन्च्या गावाला?”

मी ऐकले नाही असे दाखवले. ड्रायव्हरला म्हणाले, “निघा ना आता.”

“अजून दोन शिटा, ताई. रिकामी नेऊ काय?”

“दोन शिटांचं भाडं मी देते.”

“लय घाई दिसतीये,” म्हातारी म्हणाली. “कुनी आजारी हाय का?”

“हो.”

“मंग चल रे भाऊ,” ती ड्रायव्हरवर ओरडली. “बाय रडायला आली आन् तू शिटा मोज.”

जीप निघाली. प्लांटच्या चिमण्यांचा धूर डाव्या बाजूला बराच वेळ दिसत राहिला. मुलीने डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली आणि अर्धी पोळी माझ्यापुढे धरली. ती काही विचारत नव्हती. न विचारणे तिला चांगले जमत होते.

सिन्नरच्या स्टँडवरून मी संपादकांना फोन केला.

“उत्तर हो आहे. मी निघालेय.”

“निघालेय म्हणजे? अहो, आवृत्ती दिवाळीनंतर आहे.”

“मला आजपासून राहायला जागा लागेल.”

पलीकडे टेलिप्रिंटर नव्हते आता, पण डेस्कचा गलबला ऐकू येत होता. मग ते हळू आवाजात म्हणाले, “मुलगी बरोबर आहे?”

“हो.”

“पोचलात की तिथल्या ब्युरोत जा. मी सांगून ठेवतो. इथे कोणी विचारलं तर तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे आहात.”

पुढचे बरेचसे कायद्याच्या वाटेने गेले आणि त्याचे कागद आहेत. तो औरंगाबादला आला, भाऊ आला, वकील आले. मुलगी माझ्याकडे राहिली. ती सज्ञान होईपर्यंत सुट्टीत त्याला भेटत होती. कोच बाईंशी मी नंतर एकदाच बोलले. त्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर तो सरळ त्यांच्याकडे गेला होता. खाली उभ्या असलेल्या स्कूटीचे किलोमीटर पाहिले, वर जाऊन बेल वाजवली, आणि मी कुठे गेले ते ठाऊक नाही असे त्यांनी सांगितल्यावर दिवेलागणीपर्यंत जिन्यात बसून राहिला. पाटी त्यांनी त्याच आठवड्यात काढली. पुढे लावली की नाही, मी विचारले नाही.

ज्याचा कागद नाही ते एवढेच. औरंगाबादला बस पोचली तेव्हा अंधार पडला होता. मुलगी हरवल्याची तक्रार त्याने पोलिसांत देऊ नये म्हणून त्याला फोन करणे भाग होते. मोबाइल आमच्या घरात एकच होता, त्याचा, आणि त्याच्यावर नंबर दिसतो. म्हणून मी घरच्या फोनवर केला. स्टँडसमोर एक एसटीडी बूथ होता, काचेचा, आत जेमतेम दोन माणसे मावतील एवढा. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“मी बोलतेय,” मी म्हणाले. “मुलगी माझ्याजवळ आहे. आम्ही नीट आहोत. मी परत येणार नाही.”

त्याच्या पाठीमागे पंख्याचा आवाज येत होता.

“जेवली का ती?” त्याने विचारले.

“हो.”

“तिला दे.”

मला द्यायचा नव्हता. पण ती हात पुढे करून उभी होती. मी रिसीव्हर तिच्या कानाला लावला आणि धरून ठेवला. तिने तो माझ्या हातातून सोडवून घेतला.

“हो पप्पा,” ती म्हणाली. “हो. नाही. जीपमध्ये. मग बसमध्ये.” मग ती थोडा वेळ ऐकत राहिली. समोर काचेवर लाल अक्षरांत बूथचे नाव होते आणि त्याखाली गावाचे. तिने ते वाचले. वाचताना तिचे ओठ हलले, पाचवीत गेली तरी हलत असत. मग तिने माझ्याकडे पाहिले.

“माहीत नाही, पप्पा,” ती म्हणाली. “इथे पाटी नाहीये.”

आणि फोन माझ्याकडे न देता दोन्ही हातांनी जागेवर ठेवला.